प्लॅटिनमविना फ्युएल सेल: झिफ-८पासून लोखंडाचा कॅटॅलिस्ट, नागपूरच्या लॅबमध्ये

मे महिन्यात स्टोअरमधून झिंक नायट्रेटची बाटली मागवली, तर लॅबमधल्या काकांनी ती हलवून दाखवली आणि विचारलं, "काहून सर, याच्यात पाणी कोणं ओतलं?" कोणीच ओतलं नव्हतं. झिंक नायट्रेट हेक्साहायड्रेट ३६ अंशांच्या आसपास स्वतःच्याच स्फटिकजलात वितळतं, आणि बाहेर ४५ असताना आमच्या पत्र्याखालच्या स्टोअरमध्ये ३६ म्हणजे पहाटेचा गारवा. शोधनिबंधातली कृती वाचताना हे कुठंच सापडत नाही, कारण ती लिहिणारा २२ अंशांच्या खोलीत बसलेला असतो.

म्हणून हा लेख. एमएस्सीचा प्रोजेक्ट किंवा पीएचडीचं पहिलं वर्ष करणाऱ्या, विदर्भातल्या साध्यासुध्या लॅबमध्ये काम करणाऱ्या मुलामुलींसाठी. एक ट्यूब फर्नेस (नळीची भट्टी), एक पोटेन्शिओस्टॅट (पोटेन्शियल ठरवून प्रवाह मोजणारं यंत्र), फिरणारा इलेक्ट्रोड आणि एक्सआरडी (क्ष-किरणांनी स्फटिकरचना पाहणं) करून देणारं कोणीतरी, एवढं हाताशी असलं की झिफ-८ या सच्छिद्र स्फटिकापासून लोह-नायट्रोजन-कार्बन कॅटॅलिस्ट, म्हणजे उत्प्रेरक, बनवता येतो. बनवणं त्या मानानं सोपं आहे. आलेला आकडा खरा आहे की नाही, हे ठरवण्यातच खरा वेळ जातो. त्यामुळे लेखाचा मोठा भाग तिकडेच झुकलेला दिसेल.

आधी थोडं, हे कशासाठी

आपले खासदार नितीन गडकरी ३० मार्च २०२२ला हायड्रोजनवर चालणाऱ्या टोयोटा मिराईतून संसदेत गेले, तो फोटो नागपुरात सगळ्यांनी पाहिलाय. त्या गाडीत वीज बनवणाऱ्या फ्युएल सेलमध्ये एका बाजूला हायड्रोजन, दुसऱ्या बाजूला हवेतला ऑक्सिजन, मधे प्रोटॉन जाऊ देणारा पडदा. हायड्रोजनची बाजू चटकन चालते. ऑक्सिजनची बाजू मात्र हट्टी. ऑक्सिजनच्या एका रेणूला चार इलेक्ट्रॉन आणि चार प्रोटॉन देऊन त्याचं पाणी करायचं, तर प्लॅटिनम लागतं, आणि सेलमधलं बहुतेक प्लॅटिनम याच बाजूला खर्ची पडतं.

प्लॅटिनमशिवाय हे जमतं, हे १९६४ साली जासिन्स्की या संशोधकानं कोबाल्ट थॅलोसायनीन वापरून दाखवलं. धातूच्या एका अणूभोवती चार नायट्रोजन, ही त्यातली मेख. पुढं कळलं की असे रेणू कार्बनवर बसवून तापवले की जास्त टिकतात. २०११मध्ये कॅनडातल्या दोदेले यांच्या गटानं झिफ-८ हा सच्छिद्र सांगाडा वापरला आणि या विषयाला वेगळंच वळण लागलं. अशा धातू-सेंद्रिय सांगाड्यांसाठी २०२५चं रसायनशास्त्राचं नोबेल कितागावा, रॉबसन आणि याघी यांना मिळालं, तेव्हापासून तर व्हायवामध्ये (तोंडी परीक्षेत) त्यांच्यावरचा प्रश्न ठरलेलाच.

झिफ-८ म्हणजे झिंकचा प्रत्येक अणू २-मिथाइलइमिडाझोलच्या चार नायट्रोजननी धरलेला जाळीदार स्फटिक. आतल्या पोकळ्या साधारण ११.६ अँगस्ट्रॉमच्या, त्यांची दारं ३.४ अँगस्ट्रॉमची. आता लोखंड हवंय, पण सुटं सुटं हवंय. दोन अणू जवळ आले की तापवल्यावर गोळा होतात आणि लोखंडाचे निरुपयोगी कण उरतात. संत्र्याच्या पेटीत फळं एकमेकांना घासू नयेत म्हणून मधे तणस घालतात ना, तेच काम इथं झिंक करतं. पन्नास अणूंत एक लोखंडाचा, बाकी झिंक. भट्टीत ९०७ अंशांवर झिंक उकळून निघून जातं, त्याच्या जागी छिद्रं राहतात आणि लोखंड जिथल्या तिथे नायट्रोजनच्या कुशीत उरतं. तणसच वाफ होऊन उडून गेलं, असं समजा.

संत्र्यावरून आठवलं. दरवर्षी कोणीतरी विचारतंच, सर, संत्र्याच्या सालीपासूनच कार्बन बनवू का, नागपूरचं नावही होईल. बनवा, पण सालीत पोटॅशियम, कॅल्शियम, थोडं लोखंड आधीच असतं आणि ते बागेबागेगणिक बदलतं. मृग बहाराच्या सालीनं दिलेला आकडा आंबिया बहाराच्या सालीनं दिला नाही, तर का, हे सांगता येत नाही. झिफमध्ये आत काय आहे हे आपल्याला पहिल्या दिवसापासून माहीत असतं.

सामान आणि स्वच्छता

झिंक नायट्रेट हेक्साहायड्रेट, २-मिथाइलइमिडाझोल, फेरिक नायट्रेट नोनाहायड्रेट आणि मिथेनॉल. एवढंच. चारही अ‍ॅनालिटिकल ग्रेडची घ्या.

दोन्ही नायट्रेटं हवेतलं पाणी ओढतात. जुलैत सीताबर्डीवर पाऊस कोसळत असताना बाटली पाच मिनिटं उघडी ठेवली तर वजनात पाणीच मोजलं जातं. उन्हाळ्यात एकदा वितळून पुन्हा घट्ट झालेली बाटलीही भरवशाची नाही, वरचा आणि खालचा थर सारखा राहत नाही. नवी बाटली मिळत नसेल तर द्रावण करून ईडीटीए टायट्रेशननं झिंक मोजा. अमोनिया बफर, एरिओक्रोम ब्लॅक टी, वाइनच्या लालवरून निळा. पहिल्या वर्षाला कंटाळत केलेलं ते प्रॅक्टिकल इथं उपयोगी पडतं. बाटल्या इन्स्ट्रुमेंट रूमच्या एसीत, डेसिकेटरमध्ये ठेवा आणि झाकणावर उघडल्याची तारीख लिहा.

लोखंड हाच आपला सक्रिय धातू असल्यानं नकोसं लोखंड हा सगळ्यात मोठा शत्रू. गंजलेला स्पॅचुला, नळाचं पाणी, नीट न धुतलेलं चुंबकीय ढवळणं, कुठूनही ते येतं. काचेची भांडी सौम्य नायट्रिक आम्लात रात्रभर बुडवून डिआयोनाइज्ड पाण्यानं धुवा. वजनाला प्लॅस्टिकचा स्पॅचुला. आणि ही भांडी प्लॅटिनमवर काम करणाऱ्या मित्राला उसनी देऊ नका, कितीही जवळचा असला तरी. कारण पुढे येईलच.

सांगाडा बनवणं

मी छोट्या मापात करतो, म्हणजे बिघडलं तरी हळहळ नाही. एका बीकरमध्ये १०० मिली मिथेनॉलमध्ये १.१९ ग्रॅम झिंक नायट्रेट, म्हणजे ४ मिलिमोल. त्यातच ३२ मिग्रॅ फेरिक नायट्रेट, ०.०८ मिलिमोल. द्रावण फिकट नारिंगी होतं. दुसऱ्या बीकरमध्ये १०० मिली मिथेनॉलमध्ये १.३१ ग्रॅम २-मिथाइलइमिडाझोल, १६ मिलिमोल. दोन्ही पूर्ण विरघळली की पहिलं ढवळत ठेवून दुसरं एका दमात ओता. थेंबथेंब ओतलंत तर लहानमोठे स्फटिक एकत्र येतात.

काही मिनिटांत द्रावण गढुळतं आणि मग पातळ ताकासारखं दिसायला लागतं. झाकण लावून २४ तास मंद ढवळत ठेवा. इथं तापमानाची नोंद हवीच. डिसेंबरात रात्री १२ अंश आणि मेमध्ये ३८, स्फटिकांचा आकार एकसारखा कसा येईल? वॉटर बाथ ३० अंशांवर ठेवा, वर्षभर तोच आकडा. उन्हाळ्यात खोलीच ३०च्या वर जाते, तेव्हा बाथमध्ये बर्फ टाकत बसण्यापेक्षा एसीची खोली मागून घ्या. मिथेनॉलचा उत्कलनबिंदू ६४.७ अंश आहे, वाफ विषारी आणि पेटणारी. सगळं काम फ्यूम हूडमध्ये, जवळ हॉटप्लेटची उघडी कॉइल नको.

सेंट्रिफ्यूज करा, ताज्या मिथेनॉलनं तीनदा धुवा, हूडमध्ये ओलावा जाऊ द्या आणि मग ७० अंशांवर व्हॅक्यूम ओव्हनमध्ये रात्रभर. शुद्ध झिफ-८ खडूसारखा पांढरा असतो. लोखंड घातलेला फिका पिवळसर किंवा बदामी. विटकरी तपकिरी दिसला तर लोखंड सांगाड्यात बसलं नाही, हायड्रॉक्साइड होऊन बाहेर चिकटलंय. ती बॅच टाका. भट्टी सगळं दुरुस्त करेल अशी आशा मीही धरली होती, भट्टी काहीच दुरुस्त करत नाही.

त्याच दिवशी त्याच हातानं लोखंड न घातलेली एक बॅचही बनवा. ही तुलनेची बॅच नसेल तर पुढच्या सगळ्या आकड्यांना अर्थ नाही.

पुढं जाण्याआधी एक्सआरडी. तांब्याच्या किरणांवर ७.३, १०.४, १२.७ आणि १८ अंशांजवळ टोकदार शिखरं दिसली पाहिजेत. दिसली की झिफ-८ आहे. नसतील तर भट्टीचा नायट्रोजन वाया घालवू नका.

भट्टी

इथं घाई करणारे सगळे एकदा तरी भाजतात, शब्दशः किंवा निकालात.

पावडर खलात हलकेच मोकळी करा. अ‍ॅल्युमिनाच्या बोटीत, म्हणजे होडीच्या आकाराच्या भांड्यात, पातळ थर, अर्ध्याहून जास्त भरू नका. बोटीचं रिकामं वजन, भरलेलं वजन वहीत. नळी क्वार्ट्झची असेल तर १००० अंशांवर थांबा. त्याहून वर जायचं तर अ‍ॅल्युमिनाची नळी बरी. नायट्रोजन किंवा अरगॉन ९९.९९९ टक्के शुद्धतेचा. तापवण्याआधी किमान अर्धा तास वायू जोरात सोडून नळीतली हवा काढा, मग प्रवाह मंद करा. मिनिटाला ५ अंश या वेगानं १००० पर्यंत, तिथं एक तास, आणि मग भट्टी आपोआप निवू द्या.

बाहेर पडणारा वायू थेट खोलीत सोडायचा नाही. नायट्रोजन असलेलं सेंद्रिय द्रव्य तापवलं की अमोनियासोबत हायड्रोजन सायनाइडही निघू शकतो. नळीनंतर आधी एक रिकामी बाटली, म्हणजे भट्टी निवताना द्रव उलटा ओढला गेला तरी तो गरम नळीत जाणार नाही. त्यानंतर सोडियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणाची बाटली, आणि तिचं तोंड हूडमध्ये. या बाटलीतलं द्रावण आम्लाच्या कचऱ्यात कधीही ओतू नका. त्यात सायनाइड असेल तर आम्ल पडताच तो पुन्हा वायू होऊन तुमच्या तोंडावर येईल. वेगळी बाटली, वेगळी चिठ्ठी.

आमच्याकडे रोहिणीच्या वादळात वीज जाणं नवीन नाही. एकदा ८०० अंशांवर गेली, वीस मिनिटांनी आली आणि कंट्रोलरनं कार्यक्रम पहिल्यापासून सुरू केला. कॅटॅलिस्ट दोनदा तापला. दिसायला अगदी तसाच, पण आकडे निराळे. तेव्हापासून भट्टी सुरू असताना कंट्रोलरचा मोबाइलवर दर अर्ध्या तासाला फोटो काढायची सवय लागली. बावळटपणा वाटतो, पण कामाचा आहे.

नळी १०० अंशांखाली आल्याशिवाय उघडायची नाही. ताजा सच्छिद्र कार्बन गरम असताना हवा लागली तर धुमसतो. उघडल्यावर दोन ठिकाणी बघा. नळीच्या थंड टोकाला करडा, चकचकीत थर असेल: ते उडालेलं झिंक. चांगली खूण आहे. ते बारीक असतं, पेट घेऊ शकतं, म्हणून नळी पूर्ण निवल्यावरच पुसा. मग बोटीकडे. आत काळी, हलकी, पोत मोकळा असलेली पावडर हवी. कडेला पांढरं दिसलं तर गळती होती, झिंक ऑक्साइड तयार झालंय. हे ऑक्साइड गरम असताना पिवळं आणि निवल्यावर पांढरं होतं, त्यामुळे काचेच्या नळीतून आधी पिवळी कडा दिसली तर तेव्हाच समजायचं. सांधे साबणाच्या पाण्यानं तपासा, ओ-रिंग बदला. उन्हाळ्यात रबराच्या ओ-रिंग लवकर कडक होतात.

वजन करा. साधारण तिसरा-चौथा हिस्सा उरतो. समजा १५० मिग्रॅ उरलं. आपण घातलेल्या ०.०८ मिलिमोल लोखंडाचं वजन ४.५ मिग्रॅ. सगळं टिकलं असेल तर शेवटी लोखंड ३ टक्के. सुरुवातीला चिमूटभर वाटणारं लोखंड भट्टीत असं दाट होतं, म्हणून 'थोडं जास्त घालून बघू' हा मोह आवरा.

आता शिशीच्या बाहेरून एक छोटं, ताकदीचं चुंबक लावा. पावडर चुंबकामागे सरकली तर लोखंडाचे किंवा आयर्न कार्बाइडचे कण तयार झालेत. हलली नाही तर आशेला जागा. फुकटातली याहून चांगली चाचणी मला माहीत नाही.

कण थोडे असतील तर ०.५ मोलर सल्फ्युरिक आम्लात ८० अंशांवर सहा-आठ तास ढवळा, गाळा, सामू उदासीन होईपर्यंत धुवा, वाळवा आणि नायट्रोजनमध्ये पुन्हा ९०० अंशांवर एक तास. कार्बनच्या कवचात अडकलेले कण आम्लानंही जात नाहीत, तेव्हा पुढच्या वेळी लोखंड निम्मं करा.

आत काय आहे ते पाहणं

एक्सआरडीत आता झिफची शिखरं पूर्ण गेलेली आणि २५ व ४४ अंशांजवळ कार्बनचे दोन पसरट उंचवटे हवेत. ४४.७ला टोकदार काही दिसलं तर धातुरूप लोखंड. रामनमध्ये १३५० आणि १५९० जवळचे दोन पट्टे येणारच, त्यांच्या गुणोत्तरावर पानभर लिहू नका. बीईटी (वायू शोषवून पृष्ठभाग मोजण्याची चाचणी) मात्र कराच, सूक्ष्म छिद्रं उरलीत का ते तिथंच कळतं. एक्सपीएसमध्ये (क्ष-किरणांनी पृष्ठभागावरचे अणू कसे जोडलेत ते पाहणाऱ्या तंत्रात) नायट्रोजनचं शिखर फोडताना ३९८.५ इलेक्ट्रॉनव्होल्टजवळ पिरिडिनिक, ४००.५ जवळ पायरोलिक, ४०१ च्या पुढं ग्राफिटिक. चार शिखरं बसवून कोणताही वक्र जुळवता येतो, हे लक्षात असू द्या.

नागपुरात व्हीएनआयटी, नीरी, एलआयटी, विद्यापीठाचे विभाग आणि वाडीचं जवाहरलाल नेहरू अ‍ॅल्युमिनियम संशोधन केंद्र असं बरंच काही आहे. यंत्र कुठं चालू आहे हे वेबसाइटपेक्षा सीनियरला विचारून लवकर कळतं. मोठ्या मायक्रोस्कोपीसाठी पवईच्या आयआयटीचं सैफ केंद्र. आणि लोखंड खरंच सुटं सुटं आहे का, हे ठामपणे सांगायचं असेल तर क्ष-किरण शोषण हवं. त्यासाठी लांब जायला नको, इंदूरच्या राजा रामण्णा केंद्रातलं इंडस-२ सिंक्रोट्रॉन (तीव्र क्ष-किरण देणारं यंत्र) आहे. लोखंडाची के-कड (जिथं शोषण एकदम वाढतं ती ऊर्जा) ७११२ इलेक्ट्रॉनव्होल्टला, तिथल्या एक्झाफ्स, म्हणजे क्ष-किरण शोषणाच्या, बीमलाइनच्या टप्प्यात आरामात. अर्ज करून वेळ मिळवावी लागते, म्हणून प्रोजेक्टच्या सुरुवातीलाच अर्ज टाका. सॅम्पल नंतरही बनतात.

फिरणारा इलेक्ट्रोड

कॅटॅलिस्टचा थर चकतीवर बसवून, ती द्रावणात फिरवत प्रवाह मोजायचा. सगळी मेहनत इथं येऊन थांबते, आणि सगळ्यात जास्त खोटे आकडेही इथंच जन्मतात.

शाई: ५ मिग्रॅ कॅटॅलिस्ट, ४६० मायक्रोलिटर आयसोप्रोपेनॉल-पाणी, ४० मायक्रोलिटर ५ टक्के नाफिऑन (प्रोटॉन वाहणारा पॉलिमर). अर्धा तास सोनिकेटरमध्ये, पण बाथमध्ये बर्फ हवा. आमच्या गच्चीवरच्या टाकीचं पाणी मेमध्ये नळातून येतानाच हाताला चटका देतं, त्यात सोनिकेटर आणखी तापवतो आणि आयसोप्रोपेनॉल उडून शाई दाट होते. मग १२ मायक्रोलिटरमध्ये किती कॅटॅलिस्ट गेला हे देवालाच ठाऊक.

५ मिमी व्यासाची ग्लासी कार्बनची चकती ०.०५ मायक्रॉन अ‍ॅल्युमिनानं ओल्या पॅडवर घासा, आठच्या आकड्यात. आठ म्हणजे इंग्रजी आठ हो. मराठी ८ काढाल तर इलेक्ट्रोड पॅडवरून खाली उतरेल. आरशासारखी चमकली की धुवा. क्षेत्रफळ ०.१९६ चौसेमी. शाईत दर मायक्रोलिटरला १० मायक्रोग्रॅम कॅटॅलिस्ट, म्हणून १२ मायक्रोलिटर टाकले की चौसेमीला साधारण ०.६ मिग्रॅ. आम्लातल्या लोह कॅटॅलिस्टसाठी हे माप बरंच वापरात आहे. सहा-सहाच्या दोन हप्त्यांत टाका.

वाळणं ही नागपूरची खास अडचण. मेमध्ये हवा इतकी कोरडी की थेंबाची कड आधी वाळते आणि चहाच्या कपाच्या डागासारखं वलय उरतं: काठावर गडद, मधे उघडी चकती. जुलैत तोच थेंब तासभर ओला. मी चकती वर करून थेंब टाकतो आणि ओलसर टिश्यूचा तुकडा आत ठेवलेला बीकर त्यावर पालथा घालतो. शेवटी भिंगातून बघायचं. मधे चमक दिसत असेल तर पुसा आणि पुन्हा. हा थर सपाट नसेल तर सीमित प्रवाह (ऑक्सिजन जेवढा पोचतो तेवढ्यावर अडणारा कमाल प्रवाह) कमी येतो आणि दोष बिचाऱ्या कॅटॅलिस्टला.

इलेक्ट्रोलाइट ०.५ मोलर सल्फ्युरिक आम्ल किंवा ०.१ मोलर परक्लोरिक. परक्लोरिक घेतलंत आणि रेफरन्स इलेक्ट्रोड (ज्याच्या तुलनेत पोटेन्शियल मोजतात तो) पोटॅशियम क्लोराइडवाला सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइड असेल, तर त्याच्या सच्छिद्र टोकात पोटॅशियम परक्लोरेट साचून ते बुजतं. पोटेन्शियल सरकत राहतं आणि तुम्हाला वाटतं कॅटॅलिस्ट खराब होतोय. दुहेरी जंक्शन वापरा किंवा सरळ सल्फ्युरिक. अल्कलीत, म्हणजे ०.१ मोलर पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये, मर्क्युरी ऑक्साइडचा रेफरन्स घ्या आणि द्रावण ताजं करा, हवेतला कार्बन डायऑक्साइड ते पीत राहतं.

वाचलेलं पोटेन्शियल आरएचई (रिव्हर्सिबल हायड्रोजन इलेक्ट्रोड) मापावर आणायचं. संपृक्त क्लोराइडच्या सिल्व्हर रेफरन्सला २५ अंशांवर ०.१९७ व्होल्ट मिळवा, अधिक ०.०५९ गुणिले सामू. ०.५ मोलर सल्फ्युरिकमध्ये एकूण बेरीज ०.२१५ व्होल्टच्या आसपास येते. सूत्रावर विसंबण्यापेक्षा हायड्रोजन सोडून थेट कॅलिब्रेशन केलं तर उत्तम, पण त्यासाठी प्लॅटिनमची तार लागते. ती वेगळ्या सेलमध्ये.

आता तापमान. हे सगळं २५ अंशांसाठी आहे. हवेनं संपृक्त पाण्यात २५ अंशांवर लिटरला ८.२६ मिग्रॅ ऑक्सिजन मावतो, ४० अंशांवर ६.४१. दुसरीकडे गरम पाण्यात तो पळतो जोरात. म्हणजे वक्राचा आकार कुठं तरी तिसरीकडेच जातो. जॅकेटचा सेल आणि सर्क्युलेटर नसेल तर मोजमापं जानेवारीत उरका. गंमत म्हणून सांगतो, नागपूर समुद्रसपाटीपासून साधारण ३१० मीटर उंच. हवेचा दाब मुंबईपेक्षा साडेतीन टक्क्यांनी कमी, आणि तेवढाच विरघळलेला ऑक्सिजनही. मिनिटाला १६०० फेऱ्यांना चार इलेक्ट्रॉनसाठी चौसेमीला ५.७ मिलिअँपिअर असं पुस्तकी गणित निघतं; तुम्हाला ५.५ आला तर डोकं धरून बसू नका.

क्रम असा. आधी नायट्रोजनमध्ये अर्धा तास, मग सायक्लिक व्होल्टामोग्राम (पोटेन्शियल वरखाली फिरवून काढलेले प्रवाहाचे आलेख) एकावर एक बसेपर्यंत. त्याच वेगानं, त्याच फेऱ्यांना नायट्रोजनमधली रेघ. मग अर्धा तास ऑक्सिजन, १६०० फेऱ्या, सेकंदाला ५ मिलिव्होल्ट, १.० पासून खाली ०.२ पर्यंत. दोन्हींची वजाबाकी. सच्छिद्र कार्बनची धारकता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) मोठी असते, वजाबाकी न करता काढलेलं अर्धतरंग पोटेन्शियल (प्रवाह कमाल मर्यादेच्या निम्मा होतो ते पोटेन्शियल, जितकं जास्त तितकं चांगलं) निव्वळ फसवं.

माझं पहिल्या वर्षाचं फसणं सांगतो. आम्लात ०.८७ व्होल्ट आलं. चांगले लोह कॅटॅलिस्ट आम्लात ०.८० ते ०.८५ देतात, आणि मी पहिल्याच बॅचला ०.८७! दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या लॅबला तर्री पोहे खाऊ घातले. गाइडनी पोहे खाता खाता एकच प्रश्न विचारला, "काउंटर कशाचा होता?" काउंटर म्हणजे सर्किट पूर्ण करणारा दुसरा इलेक्ट्रोड. माझा होता प्लॅटिनमच्या तारेचा. मी 'सक्रिय करायला' दोन हजार सायकल दिली होती आणि दर पाचशेला कॅटॅलिस्ट सुधारत होता. तारेतलं प्लॅटिनम विरघळून माझ्या इलेक्ट्रोडवर बसत होतं. ग्राफाइटची कांडी लावून नव्यानं मोजलं: ०.७६. लोखंड न घातलेल्या बॅचलाही तारेसोबत सुधारणा दिसली, पण ती मोजायचे कष्ट मी आधी घेतलेच नव्हते.

सायकल देता देता सुधारत जाणारा कॅटॅलिस्ट दिसला की आधी सेलमध्ये प्लॅटिनम शोधा. ग्राफाइट कांडी, जमल्यास फ्रिटमागे (सच्छिद्र काचेच्या आड). इलेक्ट्रोडची टोपी प्लॅटिनमवाल्यांपासून वेगळी. शंका उरलीच तर वापरलेला थर आयसीपी-एमएसला (अत्यल्प धातूही मोजणाऱ्या यंत्राला) द्या.

त्यानंतर लोखंडच काम करतंय का, हे पाहायला इलेक्ट्रोलाइटमध्ये पोटॅशियम थायोसायनेट १० मिलिमोलर होईल इतकं घाला. लोखंडावरच्या जागा अडतात आणि आम्लातला वक्र डावीकडे, म्हणजे कमी व्होल्टकडे, सरकतो. लोखंड नसलेल्या बॅचला मात्र फारसा फरक पडता कामा नये. हे सगळ्यात शेवटी करा, त्यानंतर ते भांडं आणि तो इलेक्ट्रोड त्या दिवसापुरता संपला.

चकतीभोवती रिंग असलेला इलेक्ट्रोड मिळाला तर, ऑक्सिजनला चारऐवजी दोनच इलेक्ट्रॉन मिळाले की बनणारं हायड्रोजन पेरॉक्साइड मोजा. नुसतं 'चार इलेक्ट्रॉन' म्हणून पुढं जाऊ नका. थर जाड असला की आत बनलेलं पेरॉक्साइड बाहेर पडायच्या आत पुन्हा मोडतं आणि रिंगवर कमी दिसतं. चौसेमीला ०.१ मिग्रॅचा पातळ थर टाकून पुन्हा मोजा, खरा चेहरा दिसतो. हे पेरॉक्साइड आणि लोखंड मिळून फेंटन अभिक्रिया होते, त्यातून निघालेले मूलक कार्बन आणि पडदा दोन्ही खातात. या कॅटॅलिस्टचं आयुष्य कमी असण्यामागे ते एक मोठं कारण. लोखंड विरघळून निघून जाणं हे दुसरं.

टिकाऊपणाला ०.६ ते १.० व्होल्टमध्ये ५,००० सायकल द्या, पण कोणत्या वायूत दिली ते लिहा. नायट्रोजनमध्ये दहा हजार सायकल तरून जाणारा कॅटॅलिस्ट ऑक्सिजनमध्ये अर्ध्या वाटेतच ढेपाळतो. दोन्ही करा, ऑक्सिजनचा आकडा आधी छापा. प्रत्येक गोष्ट किमान तीन वेगळ्या थरांवर, आणि शक्य तर दोन वेगळ्या बॅचेसवर.

सेलमध्ये न्यायचं असेल तर

फिरता इलेक्ट्रोड आणि खरा सेल यांचं फारसं पटत नाही. खऱ्या सेलमध्ये लोह कॅटॅलिस्टचा थर चौसेमीला ३-४ मिग्रॅ लागतो, जाडी १०० मायक्रॉनच्या घरात. प्लॅटिनमचा थर दहाच्या आसपास. एवढ्या जाड थरातून ऑक्सिजन आत आणि पाणी बाहेर काढायचं, त्यामुळे नाफिऑनचं प्रमाण थोडं हललं तरी कामगिरी कोसळते. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचं लक्ष्य ०.९ व्होल्टला चौसेमीला ४४ मिलिअँपिअर असं आहे, ८० अंशांवर, हायड्रोजन-ऑक्सिजनमध्ये. अ‍ॅनोडला म्हणजे हायड्रोजनच्या बाजूला तरीही थोडं प्लॅटिनम लागतंच. बाजाराच्या बाजूनं बघितलं तर २०१७मध्ये कॅनडाच्या बॅलार्डनं जपानच्या निशिनबोच्या कार्बन कॅटॅलिस्टसह कॅथोडला (ऑक्सिजनच्या बाजूला) प्लॅटिनम नसलेला ३० वॅटचा स्टॅक (एकावर एक रचलेले सेल) जाहीर केला. गाडी अजून लांब आहे.

सेल चाचणीचं स्टेशन आपल्याकडे क्वचितच मोकळं मिळतं. कोणी दोन दिवस दिले तर सोबत किमान २०० मिग्रॅ कॅटॅलिस्ट एकाच बॅचचा न्या. आमच्या मापात तेवढा एका वेळी निघत नाही, म्हणून दोन बॅचेस मिसळायच्या असतील तर दोन्हींचा फिरता इलेक्ट्रोड आधी जुळलेला हवा.

उरलेला कॅटॅलिस्ट काचेच्या छोट्या शिशीत, नायट्रोजन फुंकून, झाकणावर पॅराफिल्म. चिठ्ठीवर तारीख, भट्टीचं कमाल तापमान, लोखंड किती आणि त्या दिवशी लॅबमध्ये किती अंश होते ते. शेवटचा आकडा लिहायला सगळे विसरतात. आणि मे असेल तर निघताना झिंक नायट्रेटची बाटली पुन्हा एसीच्या खोलीत गेली की बाहेरच्या टेबलावर राहिली, तेवढं बघून घ्या.